नवव्या तासाची हजेरी

टीव्हीतल्या मास्तराने रिकाम्या बाकाकडे बघून हजेरी मांडली, आणि नाथाजी फडतरे सरांच्या हातातली खारी चहात गळून पडली. झालं ते एवढंच. साताऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात पंखा फिरत होता, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, मे महिन्यातले दुपारचे चार वाजले होते, आणि टीव्हीतला तो मास्तर, गळ्यात टाय, नाकावर चष्मा, नीट पाडलेला भांग, शांतपणे पुढच्या नावाकडे वळला होता. सहासष्ट वर्षांच्या माणसाने हादरावं असं त्यात काही नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत त्याच टीव्हीत सरांनी शाळेच्या जिन्यावरून चढणारी आठ हातांची सावली बघितली होती, प्रयोगशाळेच्या बेसिनमधून वर आलेलं केसांचं जनावर बघितलं होतं, ग्रंथालयातल्या कपाटामागून निघालेलं आणि वाचकांनाच खाणारं एक तोंड बघितलं होतं, आणि दर वेळी खारी सुखरूप तोंडापर्यंत पोचली होती. उलट त्या तोंडाविषयी सरांनी 'निदान ग्रंथालयात कुणीतरी येतं म्हणायचं' असा शेराही मारला होता.

साक्षी ही सरांची नात. नववी संपवून दहावीत गेलेली. तिचे आईवडील, म्हणजे सरांचा मुलगा यशराज आणि सून, दोघं सकाळी नोकरीवर जात, आणि जाताना सून रोज एकच वाक्य म्हणे, "आबा, तेवढं हिच्याकडे लक्ष ठेवा." सर लक्ष ठेवत. लक्ष ठेवायला सोफ्यावर बसावं लागे, सोफ्यावर बसलं की समोर टीव्ही, आणि टीव्हीत ती जपानी पोरं. पहिले दोन दिवस सर पेपर आडवा धरून बसले. तिसऱ्या दिवशी पेपर खाली आला. पाचव्या दिवशी साक्षी आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी बाहेरून विचारलं, "किती वेळ लावतीस? ती पोरं तिकडं गच्चीवर अडकलीयेत."

साक्षी टीव्हीला जोडून खेळे तो व्हिडिओ गेम जपानचा. त्याचे पाच भाग निघालेत आणि प्रत्येक भागात गाव वेगळं, शाळा वेगळी, पोरं वेगळी. एक गोष्ट मात्र सगळीकडे तीच. दिवसाचे आठ तास संपतात, घंटा होते, सगळे घरी जातात आणि मग आणखी एक घंटा होते. वेळापत्रकात नसलेली. ती सगळ्यांना ऐकू येत नाही. ज्या तिघाचौघांना येते त्यांनी परत वर्गात जायचं आणि त्या तासाला जे काही आत येईल त्याच्याशी लढायचं. खेळाचं इंग्रजी नाव सरांच्या तोंडात बसेना, म्हणून साक्षीने त्याचं 'नववा तास' करून टाकलं. पोरं जपानीत बोलत, खाली इंग्रजी अक्षरं उमटत, आणि साक्षी ती मराठीत वाचून दाखवी. सरांना त्या शाळेत बऱ्याच गोष्टी आवडल्या. पोरं दारात बूट काढून फडताळात ठेवत. वर्ग स्वतः झाडत. शंका फक्त एक होती. "ह्यांचे पालक कुठं असतात गं? रोज अंधार पडेस्तोवर पोरं शाळेत, अंगावर जखमा, आणि एक बाप चौकशीला येत नाही?" साक्षी म्हणाली, "आबा, गेममध्ये मोठ्यांना काही दिसतच नाही. तोच तर गेम आहे." दप्तरात एवढी लांब तलवार कशी मावते हे मात्र सरांनी विचारलं नाही. ज्याची छत्तीस वर्षं दप्तरं तपासण्यात गेली त्याला दप्तरातून काहीही निघालं तरी नवल वाटत नाही.

आता चालू होता तो तिसरा भाग. त्यात नात्सुमी नावाची एक मुलगी वर्गातून नाहीशी होते. गंमत अशी, की ती गेलीय हे फक्त तिघांना कळतं, दोन मुली आणि एक मुलगा. बाकी वर्ग म्हणतो, आहे की. मुख्याध्यापक म्हणतात, आहे की. पोलीस शाळेत येतात, ओकामुरा सर म्हणजे तो टायवाला मास्तर हजेरीचं पुस्तक उघडून दाखवतो, रोजची खूण आहे, आज सकाळचीसुद्धा आहे. पोलीस सलाम ठोकून जातात. मग ओकामुरा सर त्या तिघांकडे वळतात, चष्मा काढून रुमालाने पुसतात आणि एक वाक्य बोलतात.

"काय म्हणाला तो?" सरांनी विचारलं. खारीचा लगदा कपाच्या तळाशी बसला होता.

"म्हणाला, माझ्या वर्गात कुणीही गैरहजर नसतं. आबा, चहात पडली तुमची खारी."

माझ्या वर्गात कुणीही गैरहजर नसतं. सरांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं, म्हटलं होतं. एकदा नव्हे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या बाजूला, जिथे कुसळं आणि वारा एवढंच मुबलक, तिथल्या एका हायस्कुलात ते मराठी शिकवत आणि नववी ब त्यांच्याकडे होती. वर्गाच्या दारावर काळ्या फळ्याचा एक तुकडा, त्यावर रोज खडूने दोन आकडे: पट बेचाळीस, हजर बेचाळीस. तपासणीला आलेले साहेब त्या फळ्यापुढे थांबत आणि म्हणत, "फडतरे, जादू काय करता हो?" आणि सर रुमालाने चष्मा पुसत ते वाक्य म्हणत. चष्मा पुसत. हे आत्ता, ह्या सोफ्यावर आठवलं आणि सरांचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला, जसा दुसऱ्याच्या खिशात गेलेला हात थांबावा.

जादू अशी काही नव्हती. त्या भागातली धनगरांची घरं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघत, घाटाकडे, कराडकडे, कधी खाली कोकणात, ती पार मृगाच्या तोंडावर परत येत. पोरं बरोबर जात. पोरं गेली की पट हलला. पट हलला की तुकडी गेली, तुकडी गेली की एक शिक्षक जादा ठरला आणि त्याला संस्थेने कुठं महाबळेश्वरच्या धुक्यात नाहीतर खंडाळ्याच्या टोकाला पाठवलं. शिवाय पोराचं वर्ष बुडालं ते वेगळंच. म्हणून शाळेत एक रीत होती, कुणी ठरवली नव्हती, कुणी लिहिली नव्हती, पण नव्या शिक्षकाला ती पहिल्या आठवड्यात कळायची. गेलेल्या पोराच्या नावापुढेही कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीच्या पुस्तकात, सकाळी एक तिरकी रेघ ओढायची, दुपारच्या सत्रात तिच्यावर उलटी दुसरी. फुली झाली की पोरगं हजर. ह्याला कुणी खोटं म्हणत नसे. ह्याला सांभाळून घेणं म्हणत. धनगरवाड्यावरची माणसं जून महिन्यात येऊन सरांच्या पाया पडत, "गुरुजी, पोराचं वरीस वाचीवलंसा," आणि सर म्हणत, "असू दे, असू दे," आणि खरोखरच त्यांना आपण भला माणूस आहोत असं वाटे. एका रेघेत इतक्या लोकांचं भलं होतं, असं काम शिक्षण खात्यात दुसरं कुठलं होतं?

पट क्रमांक एकतीस. माया अर्जुना सरगर.

"आबा, बरं वाटत नाहीये का? पॉज करू?"

"नको. चालू दे." सर म्हणाले, आणि टीव्हीत चालू झालं ते त्यांच्या डोक्यातही चालू झालं, आणि दोन्हीतलं आधी कुठलं दिसलं हे त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. त्या तीन जपानी पोरांनी काय करावं? पत्र लिहावं! वर्गात, बाकाखाली वही धरून. नात्सुमी गेली आहे, कृपया शोधा, असं शहरातल्या मोठ्या कचेरीला. दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीत, नववी ब मधल्या तीन पोरांनी तालुक्याच्या साहेबांना पत्र लिहिलं होतं. दोनशे पानी वहीचं मधलं जोडपान. प्रति, महोदय, विषय, सगळं जिथल्या तिथे, कारण त्याच आठवड्यात सरांनी तक्रारपत्राचा नमुना शिकवला होता. 'विषय: आमच्या वर्गातील कु. माया सरगर हिचा विवाह लावल्याबाबत.' ती मेंढरांमागे गेली ती परत येणार नाही, तिचं तळावरच लग्न लावून दिलंय, ती चौदा वर्षांची आहे, साहेबांनी तिला परत आणावं. खाली सही: आपले विश्वासू, वर्गमित्र. नावं नाहीत. परीक्षेत आलं असतं तर सरांनी दहापैकी नऊ दिले असते.

परीक्षेत आलं नाही, तालुक्याहून एक साहेब जीपमधून ते घेऊन आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला. साहेबांनी कॅटलॉग मागवला. सरांनी स्वतः नेऊन उघडून धरला, एकतीस नंबरावर बोट ठेवून. लग्नाची म्हणून जी तारीख पत्रात होती त्या तारखेला फुली. आदल्या दिवशी फुली. काल फुली. आज सकाळची एक रेघ, दुपारची व्हायची होती. साहेब म्हणाले, "रोज शाळेत बसतीय की मुलगी. लग्न काय मधल्या सुट्टीत लागलं?" मुख्याध्यापक हसले. सर हसले. एक क्षण, फक्त एक क्षण, सरांचं हसू मध्येच अडलं होतं, हे आता त्यांना आठवलं. पण तेव्हा त्या अडण्याचा अर्थ त्यांनी असा लावला होता की साहेबांनी वर्गात जाऊन बघायचं म्हटलं तर पंचाईत होईल. साहेबांनी म्हटलं नाही. साहेबांना उन्हात अजून दोन गावं करायची होती. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं म्हणायचं?" सरांनी एका नजरेत सांगितलं. छत्तीस वर्षांत सरांचं अक्षर ओळखणं कधी चुकलं नाही.

अक्षर रेश्मा तांबोळीचं, आणि तिच्यासोबतचे प्रांजल माने, सिद्धू लोहार हेही सरांनीच ओळखले. तिघांना प्रार्थनेच्या ओट्यावर उभं करून लेखी माफी घेतली. मजकूर सरांनीच घातला, कारण पोरांना सुचत नव्हतं. 'आम्ही खोटी तक्रार केली. वर्गातील कोणतीही विद्यार्थिनी गैरहजर नाही.' सिद्धूने लिहिताना एकदा मान वर करून विचारलं होतं, "पण सर, ती न्हाईच की वर्गात." सगळी शाळा हसली होती. आणि हे सगळं सर विसरले होते का? छे! विसरलेलं असतं तर धक्का बसायला जागा तरी होती. हा किस्सा ते गेली पंधरासोळा वर्षं सांगत आले होते. निवृत्तीच्या निरोप समारंभात सांगितला होता, माईकवर, 'आमची पोरं इतकी तयार की थेट तालुक्याला पत्र' अशा सुरुवातीने, आणि मांडव हसला होता. व्याही भोजनाला सांगितला होता. साक्षीलाही सांगितला होता बहुतेक, ती लहान असताना. एकच किस्सा इतकी वर्षं आपण कुणाच्या बाजूने सांगतोय, हा प्रश्न त्यात कधी आला नाही. आता टीव्हीत तीन पोरं भिंतीला पाठ लावून उभी होती आणि कॅमेरा मास्तराकडून नव्हे, पोरांकडून बघत होता. एवढाच फरक. पण तेवढ्या फरकाने मास्तराचं तोंड असं दिसत होतं की सरांना स्वतःचे गाल जड झाल्यासारखे वाटले.

"आता फाइट," साक्षी सावरून बसली. "आबा, हाच बॉस आहे. मला वाटलंच होतं."

"हा? हा कुठं राक्षस आहे? साधा मास्तर आहे."

"म्हणून तर डेंजर आहे."

ओकामुरा सरांकडे हत्यार नव्हतं. ते टेबलामागे उभे राहिले, पुस्तक उघडलं, आणि एकेक नाव घेऊ लागले. नाव घेतलं की रिकाम्या बाकावरून 'हो' असा आवाज येई आणि तिघांपैकी एकाच्या अंगातलं बळ कमी होई. साक्षीने तलवार मारली, लागली नाही. आग टाकली, टाय हलला फक्त. तीन वेळा हरली. चौथ्या वेळी तिने कंट्रोलर गादीवर आपटला. "ह्याची वीक जागाच सापडत नाही. सगळं ट्राय केलं!" आणि सर बोलून गेले. ते बोलले असं त्यांना वाटलं नाही, घशातून कुणीतरी बोललं: "विचार त्याला. ती कुठल्या बाकावर बसायची ते विचार."

"ऑप्शन आहे बोलायचा. पण त्याने काय होणार?"

"विचार तर."

तिने विचारलं. ओकामुरा सरांचं बोट पुस्तकावर थांबलं. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. साक्षी ओरडली, "थांबला! आबा, थांबला तो!" मग तिने दुसरं विचारलं, तिचे केस कसे होते, तिसरं, ती कुणाशी बोलायची. दर प्रश्नाला त्या मास्तराच्या अंगातली एकेक रेघ पुसली जाऊ लागली, कोट गेला, चष्मा गेला, शेवटी हवेत नुसतं पुस्तक उरलं आणि तेही पडलं. साक्षीने सोफ्यावर उडी मारून आजोबांच्या गळ्यात हात टाकला. "तुम्हाला कसं कळलं? खरं सांगा, तुम्ही मोबाइलवर बघितलंत ना आधी?" सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण ते तेव्हा स्वतःला विचारत होते, माया सरगर कुठल्या बाकावर बसायची, आणि उत्तर येत नव्हतं. एकतीस नंबर आठवत होता. कॅटलॉगचं पान आठवत होतं, त्यावरचा चहाचा डाग आठवत होता, फुल्यांची ती सरळ ओळ आठवत होती, मोठी देखणी ओळ होती. तोंड आठवत नव्हतं. आवाज नाही, वेणी नाही, काही नाही. वर्गात जूनपासून दिवाळीपर्यंत पाच महिने एक मुलगी त्यांच्यासमोर बसली होती, आणि नंतर पाच महिने नव्हती, आणि सरांच्या डोक्यात ह्या दोन्हीत तिळाइतका फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेश्माला फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही. 'दहावी २०१०' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर स्वतः होते, रोज सकाळी सहाला एक सुविचार टाकत आणि त्यावर सिद्धू लोहार न चुकता दोन हात जोडी. ग्रुपमध्ये माया नव्हती, दहावीपर्यंत पोचलीच नाही ती ग्रुपात कशी असेल. आणि हे कळायला सरांना तो दिवस उजाडावा लागला होता. रेश्मा सांगलीत एका दवाखान्यात नर्स होती. सरांनी घसा साफ केला, गॅलरीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "रेश्मा, मी फडतरे सर. एक जुनी गोष्ट होती. ते पत्र..."

ती म्हणाली, "सर, आज कुठनं उगवलासा?"

"माझं चुकलं. माफी मागायला फोन केलाय."

"तोंडी?" रेश्मा म्हणाली. "तोंडी माफी चालत न्हाई सर. तुमचाच नियम हाय. लेखी पायजे, समास सोडून." आणि ती हसली, पण ते हसणं असं होतं की सरांनी कठडा धरला. "माझ्या अब्बांनी मला त्या माफीनाम्यासाठी मारलं. प्रांजलची शाळाच बंद करत हुते, तिच्या आईनं धरून ठिवली. ते जाऊ द्या, आमचं आमी निस्तरलं. पर सर, मला एक सांगा. तिला म्हाईत हाय का?"

"कुणाला?"

"कुणाला काय? मायाला. आमी पत्र लिवलं ते तिला कोन सांगणार? ती तिकडं, आमी हिकडं, मोबाइल कुठं हुता कुणाकडं. एवढ्या वर्सात माझ्या मनातनं एकच गोष्ट जात न्हाई. तिला वाटत असंल, वर्गातली एक जागा मोकळी झाली आन एकानं बी इचारलं न्हाई कुठं गेली ती. आमची माफी नंतर बघू. तिला जाऊन सांगा. फोनवर न्हाई. समोर बसून सांगा. आन तुमी काय केलं ते बी सांगा, नुसतं आमचं कौतुक करून येऊ नका."

सर छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणा विद्यार्थ्याला 'हो' म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "हो."

मायाचा बाप अर्जुना अजून मेंढरं राखत होता आणि आता त्याच्याकडे दोन मोबाइल होते. जुन्या शिपायाकडून नंबर मिळाला, फोन लागला, मागे मेंढरांचा गलका. "गुरुजी? आवं आमचं गुरुजी! लय उपकार तुमचं!" असं तो ओरडला, आणि सरांनी फोन कानापासून लांब धरला. पोरगी शिरवळला असती, म्हणाला. कंपनीत पॅकिंगला. नवऱ्याचं घर सोडून सहा वर्सं झाली. "त्यो माणूस काय नीट न्हाई निघाला गुरुजी. आमी बी काय करनार, तवा रीतच तशी व्हती." रीत हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू ती दोघांची सामायिक विहीर होती.

रविवारी सर एसटीने शिरवळला गेले. रात्रपाळी सुटल्यावर हायवेला भेटायचं, असं अर्जुनाने पोरीला कळवलं होतं. खिशात लेखी मजकूर होता, रेश्मासाठी, समास सोडून लिहिलेला. मायासाठी काहीच लिहिता आलं नव्हतं. चार वेळा सुरुवात केली होती आणि चारही वेळा वाक्य 'त्या काळी' ह्या शब्दांपाशी जाऊन बचावलं होतं, म्हणजे सर बचावले होते. हायवेला उतरले तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने उभ्या होत्या. कुणाकडे बघायचं हेच त्यांना कळेना. तीसएक वर्षांच्या किती बायका, डोक्याला रुमाल बांधलेल्या, डबे हातात घेतलेल्या, समोरून गेल्या आणि प्रत्येकीच्या तोंडाकडे सर असे बघत राहिले की एकीने पदर ओढून घेतला. आणि मग मागून आवाज आला, "सर, तुमी लय वाळला." ती ओळखत होती. अर्थात ती ओळखत होती. वर्गात बघण्यासारखा मास्तर एकच असतो. उंच, सावळी, कपाळावर लहानसा व्रण. सरांनी त्या तोंडात एकतीस नंबर शोधला आणि तो सापडला नाही, कारण तो तिथे कधी नव्हताच. तिने भर रस्त्यात वाकून पायाला हात लावला. सर मागे सरले, गटाराच्या फरशीवर पाय अडखळला, तिनेच दंडाला धरलं.

खोली चाळीसारख्या लांबट इमारतीत. एक पलंग, एक शेगडी, भिंतीला मुलीचं वेळापत्रक चिकटवलेलं. मुलगी चौदाची, पलंगावर पुस्तक घेऊन बसलेली, पाहुण्याकडे एकदा बघून परत पुस्तकात. मायाने चहा टाकला आणि बोलतच राहिली, पाठमोरी. "तुमाला सांगू का सर, मी लई दिस शाळा सोडलीच न्हाई. म्हंजी मनातनं. आमच्या आप्पांनी मला सांगितलं व्हतं, गुरुजी तुझी हजेरी लावत्यात, काळजी करू नगं. मग सासरी मेंढरामागं फिरताना, सूर्व्य असा डोईवर आला की मी म्हनायची, आता आकरा वाजलं. आता सर आलं. आता एक नंबर, आता दोन नंबर... एकतीसला मी थांबायची. मला वाटायचं, चला, आजच्या दिसाला तर आपुन हाय कुठंतरी. येड्यागत." ती हसली आणि कप सरांपुढे ठेवला. "त्या टायमाला तेवढाच आधार. बाकी कुनाला काय पडलीवती? एका पोरीनं बी मागं इचारलं न्हाई."

सरांच्या हातात कप होता. इथे उठून जाता आलं असतं. ती बाई कृतज्ञ होती. तिच्यापाशी एक आधार होता, सोळा वर्षं जपलेला, आणि तो सरांच्या तिरक्या रेघेचा होता. तो काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी काय द्यायचं? सांभाळून घेतलेलं राहू द्यावं, असं त्यांच्या आतलं जुनं, सरावलेलं, भलं माणूस म्हणालं, आणि त्या भल्या माणसाचा आवाज ऐकून सरांच्या अंगावर काटा आला, आठ हातांच्या सावलीने आला नव्हता इतका.

"विचारलं," ते म्हणाले. "पोरींनी विचारलं. तिघांनी. लग्न झाल्यावर बारा दिवसांत तालुक्याला पत्र लिहिलं, मायाला परत आणा म्हणून. साहेब आला. मी त्याला कॅटलॉग दाखवला. तू रोज हजर होतीस. त्या फुल्यांमुळे तो परत गेला. पोरांची नावं मीच सांगितली आणि त्यांच्याकडून माफी लिहून घेतली."

एका दमात झालं. चहावर साय धरली होती. मायाच्या हातात पकड होती, पातेलं धरायची, ती तिने शेगडीच्या कट्ट्यावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली, मग पुन्हा आडवी. तिच्या तोंडावर काय येईल ह्याची सरांनी एसटीत तयारी केली होती. रडणं आलं तर काय, शिव्या आल्या तर काय, आणि फार तर, म्हातारपणाकडे बघून, क्षमा. त्यातलं काही आलं नाही. ती सरांकडे बघतच नव्हती.

"काय लिवून घेतलं?"

सरांना तोंडपाठ होतं. "आम्ही खोटी तक्रार केली. वर्गातील कोणतीही विद्यार्थिनी गैरहजर नाही."

"चांगलं लिवलंय," माया म्हणाली. एवढंच. मग पकड भिंतीच्या खिळ्याला अडकवत, "कोन कोन व्हत्या?"

"रेश्मा तांबोळी. प्रांजल माने. आणि सिद्धू लोहार."

"सिद्धू?" ती एकदम वळली. "सिद्ध्या लोहार? आवं त्यो तर माझ्याशी बोलत बी नव्हता! माझ्या डब्यातलं कालवण सांडलं म्हनून मी त्येला दगूड मारला व्हता! सिद्ध्यानं लिवलं?"

"अक्षर रेश्माचं. सह्या नव्हत्या. पण होता तो."

"आन प्रांजल. ती तर लय भित्री. तिनं बी?" ती बोटांवर मोजत होती, एक, दोन, तीन, आणि पुन्हा पहिल्यापासून, जणू कुणीतरी तिला तीन वस्तू आणून दिल्या होत्या आणि त्या पुरत्या भरतात का ते ती बघत होती. सर तिथे बसले आहेत हे ती विसरली होती. मग तिने हात पुढे केला. "नंबर हाय न्हवं रेश्मीचा? लावा."

सरांनी लावला आणि फोन तिच्या हातात दिला. ती दाराबाहेर गॅलरीत गेली. आतून फक्त तिची पाठ दिसत होती आणि पायातली एक चप्पल, दुसरी दारातच राहिलेली. "हॅलो. रेश्मे? मी... मी माया. व्हय. सरगराची." मग गॅलरीतून असा आवाज आला की मुलीने पुस्तक मिटलं. रडणं होतं का हसणं होतं सांगता येत नव्हतं, आणि लगेच त्यातून बोलणं सुरू झालं, भरभर, एकमेकींच्या वाक्यात घुसत, मध्येच खिदळत, "आगं न्हाई गं... व्हय व्हय... आन ती कुठं असती?... खरंच? येड्या आसाल तुमी तिघं..."

"आजोबा," मुलगी म्हणाली. "आई कुणाशी बोलतीय?"

"तिच्या वर्गातल्या मुलीशी."

"अशी बोलती व्हय ती?" मुलगी म्हणाली, आणि दाराकडे बघत राहिली.

सरांना निघायचं होतं. सातारची गाडी दीडला होती. पण फोन त्यांचा होता, आणि मागायची हिंमत होत नव्हती. दीड वाजून गेला. मग दोनची गेली. बाहेर ती कठड्यावर चढून बसली होती, पाय हलवत होती, आणि आता प्रांजललाही जोडून घे म्हणून ओरडत होती.